परसदारातली शहाबादी फरशी: तीन पावसाळे काढल्यावर

तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे झाले, आता खात्रीनं लिहिता येईल. घरामागच्या मोकळ्या जागेत काय घालावं, असं मला कोणी विचारलं तर मी रफ शहाबादी सांगते. पॉलिशची नाही, रफ. का सांगते ते नीट लिहिते, कारण आधी आम्ही चुकीच्या गोष्टीवर बराच पैसा घालवला आणि त्या चुकीत घरातल्या माणसाचा हात मोडला.

आम्ही सोलापूरचे. घरामागं २४ फूट लांब, १८ फूट रुंद परसदार आहे. मी घरीच शाळेचे गणवेश शिवते. माझं मशीन मागच्या खिडकीपाशी आहे, त्यामुळे दिवसातले आठ-नऊ तास त्या जागेकडेच नजर असते. सासूबाईंचं तर सगळं तिथंच चालतं: तुळशीचं पाणी, शेंगा फोडणं, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे, संध्याकाळी शेजारणींबरोबर बसणं. पूर्वी नुसती माती होती. पावसात चिखल आणि एरवी धूळ, म्हणून चार वर्षांपूर्वी बाग सजवून देणाऱ्या एका कंत्राटदाराला काम दिलं. नाव लिहीत नाही.

त्यानं लॅपटॉपवर चित्रं दाखवली. चित्रात निळाशार पोहण्याचा तलाव होता, बाजूला लाकडी फळ्यांची बैठक, हिरवंगार गवत. तलाव २० बाय १०, खोली ४ फूट. मी तिथंच हिशोब केला. ८०० घनफूट, घनफुटाला २८ लिटर, म्हणजे साडेबावीस हजार लिटर पाणी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. ज्या गावात बायका पाण्याच्या दिवसावर कपड्यांचा आणि पाहुण्यांचा बेत आखतात, तिथं एवढं पाणी अंगणात भरून ठेवायचं? शिवाय ते गाळायला पंप, त्यात क्लोरीन, आणि उन्हानं रोज उडणारं पाणी वेगळंच. तलाव मी साफ नाकारला. पण बाकीच्याला हो म्हणाले. निम्म्या जागेत चकचकीत टाइल, निम्म्यात प्लास्टिकचं गवत.

मे महिन्यात दुपारी तीनला त्या गवतावर अनवाणी पाय ठेवला की चटका बसायचा. आमच्याकडे पारा ४२-४३ला जातो आणि प्लास्टिक तापलं की त्यावर उभं राहवत नाही. खरं गवत पाणी सोडून गार राहतं, यात काय पाणी असणार? वास यायचा तोही तापलेल्या ताडपत्रीसारखा. पण खरा घात टाइलनं केला. उतार बाहेरच्या भिंतीकडे हवा होता, तो घराकडे निघाला. सप्टेंबरात एका रात्री जोराचा पाऊस आला आणि दाराखालून पाणी स्वयंपाकघरात शिरलं. सकाळी सासूबाई फुलं काढायला बाहेर पडल्या, ओल्या टाइलवरून पाय सटकला आणि मनगटाचं हाड मोडलं. वय ७९. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत त्या एकदाही मागच्या दारी गेल्या नाहीत. बरं झाल्यावरही दाराची चौकट धरून उभ्या राहायच्या, पाऊल पुढं टाकायच्या नाहीत. ते मला मशीनवरून रोज दिसायचं. तेव्हाच ठरवलं, हे सगळं उखडायचं.

जानेवारीतली आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर काम काढलं. हे मुद्दाम. संक्रांतीनंतर पावसाची भीती नाही, ऊनही अजून मवाळ असतं, त्यामुळे सिमेंटला पाणी मारायला आणि ते नीट मुरायला वेळ मिळतो. मिस्त्री जुने ओळखीचे, वय साठीच्या पुढं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, पाणी कुठं जाणार?" झाडं, दिवे, बैठक, सगळं नंतर. चित्र तर त्यांच्याकडे नव्हतंच.

फरशी घ्यायला मी स्वतः गेले. शहाबाद आपल्याला काही लांब नाही. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवर कलबुर्गीच्या पुढं ते गाव लागतं, आणि त्याच्याच नावानं हा दगड अख्ख्या महाराष्ट्रात ओळखला जातो. पुण्यातल्या जुन्या घरांच्या ओट्यांवर आणि न्हाणीघरांत हीच फरशी असायची. आहे मुळात चुनखडक, खाणीत थरांनी बसलेला, म्हणून त्याच्या सपाट लाद्या निघतात. रंग राखाडी, कधी निळसर, कधी हिरवट. कडप्पा याच जातीचा पण काळा, आणि काळा म्हणजे उन्हात जास्त तापणार. तांदूरची पिवळसर फरशीही वखारीत होती, दिसायला गोड, पण मला आमच्या आजोळच्या ओट्याचाच रंग हवा होता.

वखारीत मिस्त्रींनी एक गोष्ट शिकवली. फरशी एका कडेवर उभी करायची आणि बोटाच्या पेरानं ठोकायची. चांगली असेल तर खणकन वाजते, जवळजवळ तांब्यासारखी. आत चीर किंवा सुटलेला थर असेल तर बद्द वाजते. आम्ही दोघांनी तासभर असं ठोकत ८० फरश्या निवडल्या. वखारवाला आधी वैतागला होता, मग त्यानंच एक बद्द फरशी आपणहून बाजूला काढली. २ बाय २ फुटांची, जाडी सव्वा इंचाच्या आसपास, चौरस फुटाला ३२ रुपये. म्हणजे दगडाचे १०,२४० रुपये, वाहतूक वेगळी. आधीच्या टाइलचा नुसता दर याच्या दुप्पट होता.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जमिनीखालच्या कामाला, आणि तो गेला ते बरंच झालं. वरची माती काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुमसानं ठोकला. दोन दिवस नुसतं तेच. मला वाटत होतं, मजुरी उगाच वाढतेय. मग पातळी बघायची पाण्याची नळी आली. प्लास्टिकची पारदर्शक नळी, आत पाणी, एक टोक मिस्त्रींच्या हातात घराच्या भिंतीपाशी आणि दुसरं पोराच्या हातात १६ फुटांवर. दोन्हीकडचं पाणी थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही. थांबलं की पेन्सिलीची खूण. त्या खुणेवरून ८ फुटांना १ इंच, म्हणजे १६ फुटांना बरोबर २ इंच उतार काढून दोरी बांधली. माझं सगळं आयुष्य इंचपट्टीवर गेलंय. शिवणीत पाव इंच इकडंतिकडं झालं तर पोराच्या खांद्यावर शर्ट बसत नाही. त्या माणसाला दोरीपाशी डोळा लावून एकेक फरशी लाकडी ठोकळ्यानं बसवताना पाहिलं आणि मी निर्धास्त झाले.

सगळ्या जागेत फरशी घातली नाही. घरालगत १६ फूट फरशी, पुढं ८ फूट माती. १६ फुटांतही पहिल्या तीन ओळींचे सांधे सिमेंटनं भरले, म्हणजे पाया ओला होणार नाही. बाकीच्या ओळींत अर्धा इंच सांधा ठेवून त्यात वाळू आणि माती भरली आणि सासूबाईंनी दूर्वा खोचल्या. पहिल्या पावसानंतर त्या अशा धरल्या की आता राखाडी दगडाभोवती हिरवी किनार दिसते, अगदी इरकलीच्या काठासारखी. गणपतीत दूर्वा विकत आणाव्या लागत नाहीत. पाऊस पडला की निम्मं पाणी त्याच सांध्यांतून मुरतं, उरलेलं मातीकडं जातं. तीन पावसाळ्यांत दाराशी थेंब साचलेला नाही.

आता दोष सांगते, कारण हा दगड मिरवण्याचा नाही, वापरण्याचा आहे, आणि त्याचा स्वभाव कळायला हवा.

पहिला म्हणजे आम्ल. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला एका मजुरानं मोरी धुवायचं ॲसिड ओतलं. फरशीवर बुडबुडे आले, फसफसलं, आणि जिथं सांडलं तिथला वरचा थर खाल्ला जाऊन पांढरट डाग पडला तो कायमचा. चुनखडक आहे, तो आम्लात विरघळणारच. लिंबू चिरायचं, चिंच कोळायची, ताक सांडायचं, सगळ्याचा डाग पडतो. त्यामुळे असली कामं पाटावर ताट घेऊन. धुवायला साधं पाणी आणि खराटा पुरतो.

दुसरा, काही फरश्यांचे पापुद्रे सुटतात. एवढ्या ठोकून घेतल्या तरी ७२ बसवल्यापैकी दोघींचा वरचा थर दुसऱ्या पावसाळ्यात उलला. तिसरा, नळाजवळच्या सावलीत शेवाळ धरतं. रफ असल्यानं टाइलइतकं घसरत नाही, पण धरतं. श्रावणात आठवड्यातून एकदा ताठ ब्रशनं घासावंच लागतं. पॉलिशची फरशी घेतली असती तर इथंही पाय सटकला असता, म्हणून बाहेरच्या जागेसाठी कोणी चकाकी दाखवली तर भुलू नका.

आणि हो, मे महिन्यात दुपारी हीही तापते. तापत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फरक संध्याकाळी कळतो. पाच वाजता दोन बादल्या पाण्याचा सडा मारला की खरखरीत दगड पाणी धरून ठेवतो, वाफ निघते, वास सुटतो आणि अर्ध्या तासात मांडी घालून बसता येतं. प्लास्टिकवर पाणी मारलं तर नुसतं ओघळून जायचं.

मातीच्या ८ फुटांत मोजकीच झाडं लावली. न्हाणीघराचं पाणी पाइपानं थेट केळी आणि अळूच्या वाफ्यात सोडलंय. ही आपल्या आज्यांचीच रीत, मी फक्त परत आणली. कढीपत्ता, जास्वंद, कुंपणाला गवती चहा. शेवगा मुद्दाम कोपऱ्यात लावला, कारण त्याची फांदी कडकन मोडते, खाली कोणी बसलेलं नको. आणि पारिजातक फरशीच्या काठाला, म्हणजे फुलं दगडावर पडतील. पावसाळा सरता सरता पहाटे दार उघडलं की राखाडी दगडावर पांढरी फुलं आणि त्यांचे केशरी देठ. सासूबाई वाकून एकेक वेचतात, परडीत ठेवतात. आता चौकट धरत नाहीत.

तलाव नको म्हटलं तरी पोरांचा हट्ट होताच. माझ्या नणंदेची मुलं सुट्टीत येतात. त्यांच्यासाठी मातीच्या भागात ६ बाय ४चा, २ फूट खोल सिमेंटचा हौद बांधला, कडेला उरलेल्या फरश्यांपैकी चार बसवल्या. पाणी फक्त फूटभर भरायचं, म्हणजे जेमतेम ६८० लिटर, तेही बोअरचं. पोरं दोन दिवस डुंबतात, मग तळाचं बूच काढलं की सगळं पाणी केळीला. क्लोरीन नाही, त्यामुळे झाडाला त्रास नाही. पोरं पाण्यात असताना मी मशीन बंद करून काठावर बसते, पाणी फूटभर असलं तरी. एरवी वर लोखंडी जाळी. जूनपासून त्यात कुमुदिनीची कुंडी आणि गप्पी मासे असतात. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि गप्पी त्याच्या अळ्या खातात, म्हणून मासे नसतील तर हौद कोरडा ठेवते. एप्रिलअखेर मासे सिमेंटच्या टाकीत हलतात आणि हौद पुन्हा पोरांचा होतो.

दगडाला मी दहापैकी आठ गुण देईन. मिस्त्रींच्या उताराला दहा. हाच दगड त्या आधीच्या उतारावर बसवला असता तरी पाणी स्वयंपाकघरातच आलं असतं. कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर शहाबादीचा हट्ट धरू नका, तिथं जांभा हाताशी आहे आणि तोच तिथल्या अंगणाला शोभतो. पण सोलापूर, लातूर, धाराशिव इकडं दगड जवळचा, ओझं वाहून आणायचा खर्च कमी आणि बसवणारे हात अजून आहेत.

८०पैकी चार अजून भिंतीला टेकवून ठेवल्यात. पापुद्रे सुटलेल्या दोन बदलायच्या आहेत. मिस्त्री म्हणालेत दसऱ्यानंतर येतो, दूर्वा हलक्या हातानं उपटून ओल्या फडक्यात ठेवा, परत लावू. सासूबाईंनी फडकं काढूनही ठेवलंय.