ल्युमिनस झेलिओ प्लस ११०० आणि १५० एएच ट्युब्युलर बॅटरी: सोलापूरच्या उन्हात ही जोडी कितपत टिकते

सोलापुरात दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी इन्व्हर्टर विचारायला गेलं की दुकानदार बहुतेक वेळा हीच जोडी पुढे करतो. (ट्युब्युलर म्हणजे नळीसारख्या प्लेटांची, पाणी घालावी लागणारी बॅटरी.) निवड चुकीची नाही. पण खोक्यावरच्या ११०० या आकड्याने फसू नका. ते मॉडेलचं नाव आहे. मशिनची क्षमता ९०० व्हीए, म्हणजे ७५६ वॅट. घरातला हिशोब वॅटमध्येच करायचा असतो, म्हणून ७५६ हा आकडा लक्षात ठेवा.

आता त्यात काय बसतं ते पाहू. साधे तीन पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, चार एलईडी बल्ब ९ वॅटचे, ३२ इंची टीव्ही साधारण ६० वॅट आणि वायफायचा राउटर १० वॅट. बेरीज ३३० च्या आसपास. मशिनला हे सहज पेलतं, पण बॅटरीतून त्यासाठी जवळपास ३४ अँपिअर ओढले जातात. बॅटरीवर छापलेले १५० एएच (अँपिअर-तास) हे २० तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने वापरल्यावर मिळतात. ३४ अँपिअरने ओढलं तर हातात ११० च्या आसपासच येतात. त्यामुळे नवी, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सव्वातीन तासांत संपते. "सहा तास बॅकअप" हे दुकानातलं वाक्य एवढ्या लोडवर खरं ठरत नाही.

ते खरं करता येतं, फक्त पंखे बदलावे लागतात. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, पूर्ण वेगावर ३० वॅटच्या आसपास घेतो. तिन्ही पंखे तसे बसवले की लोड ३३० वरून १९५ वर येतो आणि तीच बॅटरी सहा तासांच्या घरात जाते. त्यामुळे १५० ऐवजी २२० एएचची बॅटरी घ्यावी का, असा प्रश्न असेल तर आधी ते पैसे पंख्यांत घाला. लाईट असतानाही बिल कमी होईल.

यावर काय लावायचं नाही हेही स्पष्ट सांगतो. गिझर, इस्त्री आणि एसी तर नाहीच, मिक्सरही नको. ७५० वॅटचा मिक्सर सुरू होताना त्याहून बराच जास्त करंट मागतो आणि मशिन ओव्हरलोड दाखवून बंद पडतं. पाण्याच्या मोटरचंही तसंच. अर्ध्या एचपीची मोटर चालताना साधारण ५५० वॅट घेते, पण सुरू होताना कितीतरी पट. सोलापुरात पाणी काही दिवसांआड सुटतं आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली तर जीव कासावीस होतो, हे खरं. तरीही त्यासाठी इन्व्हर्टर पणाला लावू नका. जमिनीतला हौद मोठा ठेवा आणि मोटर लाईट आल्यावर चालवा. फ्रिजलाही गरज नाही. दार उघडलं नाही तर आतला गारवा चार तास टिकतो.

मशिनची जमेची बाजू म्हणजे शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईनसारखीच वीज. पंख्यांतून गुणगुण येत नाही, मोटरचं वायंडिंग जादा तापत नाही. डिस्प्लेवर बॅकअपचा उरलेला वेळ तास-मिनिटांत दिसतो. तो त्या क्षणीच्या लोडवर काढलेला असतो, एक पंखा बंद केला की आकडा वाढतो. त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका, पण घरातल्या मोठ्या माणसांना तो बघून धीर येतो.

मोडच्या बटणाबद्दल दुकानात कुणी सांगत नाही आणि तक्रारी मात्र तिथूनच सुरू होतात. संगणकासाठीच्या यूपीएस मोडमध्ये मशिन साधारण १८० ते २६० व्होल्टच स्वीकारतं, इको मोडमध्ये बरंच खालपर्यंत चालवून घेतं. यंत्रमागांच्या भागात किंवा लाईनच्या टोकाला असलेल्या घरांत व्होल्टेज दिवसा १७० पर्यंत उतरलं, की यूपीएस मोडमधलं मशिन लाईट गेली असं समजून बॅटरीवर जातं. मीटर चालू, रस्त्यावरचे दिवे चालू आणि बॅटरी मात्र रिकामी. मग "सहा महिन्यांत बॅटरी बसली" म्हणून भांडण होतं. संगणक नसेल तर इको मोडच ठेवा. पंखा थोडा हळू फिरेल, बॅटरी वाचेल.

बॅटरीचा खरा शत्रू इथलं ऊन. तिचं आयुष्य २७ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं आणि सरासरी १० अंश वाढले की ते जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असतात तेव्हा पत्र्याखालचा माळा किंवा पश्चिमेची तापलेली भिंत म्हणजे बॅटरीची भट्टीच. जिन्याखालची, उत्तरेकडची, हवा खेळती असलेली जागा शोधा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा बंद कपाट नको आणि देवघराशेजारीही नको, तिथे समई आणि उदबत्ती पेटते. स्वयंपाकघर तर नकोच.

पाणी फक्त डिस्टिल्ड. बोअरचं क्षारांचं पाणी प्लेटा खराब करतं. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात आणि एसीच्या नळीतल्या पाण्यात धातूचे कण येतात, म्हणून ती दोन्हीही बाद. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी सहाही फ्लोट (प्रत्येक सेलमधल्या, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यातल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काड्या) बघा, एरवी तीन-चार महिन्यांनी चालतं. पाणी पूर्ण चार्ज झाल्यावर, हिरव्या खुणेपर्यंतच घाला. आधी घातलं तर चार्जिंगमध्ये पातळी चढून अ‍ॅसिड बाहेर येतं आणि ट्रॉली गंजते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरतं आधी घाला. अ‍ॅसिड कधीही घालू नका, पातळी कमी होते ती पाण्याचीच. बॅकअप घटला तर हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी, लावून बघा. चार्ज झालेल्या बॅटरीत साधारण १.२४० यायला हवं. पाच सेल तेवढे आणि एक १.२०० दाखवत असेल तर तो सेल गेला, वॉरंटीसाठी हाच पुरावा.

बसवताना वायरमनवर लक्ष ठेवा. पूर्ण लोडवर बॅटरीच्या केबलमधून ७५ ते ८० अँपिअर वाहतात, त्यामुळे सोबत आलेली केबल जोड देऊन लांबवू देऊ नका. टर्मिनल घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल तर इन्व्हर्टरवरच्या पॉइंटांचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच आरसीसीबीतून आलेले हवेत. न्यूट्रल दुसरीकडून उसना घेतला की वरचेवर ट्रिप होतं. थ्री फेज असेल तर इन्व्हर्टरवर घेतलेल्या पॉइंटांचा जुना फेज पूर्ण सोडवून टेप लावायला सांगा. दोन्ही एकत्र राहिले तर लाईट आल्या क्षणी मशिन जळतं आणि ते वॉरंटीत बसत नाही.

लिथियमचा पर्याय हलका आहे, त्याला पाणी लागत नाही आणि तो लवकर चार्ज होतो. रोज दोनदा लाईट जात असेल तर त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात, कारण ट्युब्युलरला पूर्ण भरायला १० ते १२ तास लागतात. पण ४५ अंशांच्या वर लिथियमलाही चार्जिंग मानवत नाही, सावलीची जागा त्यालाही हवीच. वळवाच्या वाऱ्यात तार तुटून आठवड्यातून एक-दोनदा लाईट जाणाऱ्या घराला ट्युब्युलर पुरेशी आहे.

घेताना बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना वाचा. चार-पाच महिने दुकानात पडून राहिलेली नको. वॉरंटी कार्डावर सिरीयल नंबर, तारीख आणि शिक्का समोरच घालून घ्या. किती महिने पूर्ण बदलून मिळेल आणि किती महिने नुसती सूट, हेही तिथेच विचारा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, दुकानदारालाच द्या, तिची किंमत नव्या बिलातून कापून मिळते. ती किंमत बहुधा वजनावर ठरते, म्हणून आतलं अ‍ॅसिड गटारात ओतून तिला हलकी करून नेऊ नका.