आठ महिने अ‍ॅपची टॅक्सी, सोलापुरात: "कॅन्सल करा की" म्हटलं तरी करू नका

वापर: दोन अ‍ॅप, बहुतेक फेऱ्या जुळे सोलापूर ते स्टेशन आणि होटगी रोडचं विमानतळ. गाड्या ठीक, एसी मागितल्याशिवाय लागत नाही. पण खरी किंमत गाडीची नाही, फेरीच्या नोंदीची आहे. आणि ती नोंद पुसायचा उद्योग इथं जोरात चालतो.

पद्धत ठरलेली. बुकिंग झालं की चालकाचा फोन येतो: "कुठं जायचंय? कॅश ना? मग कॅन्सल करा की, तेवढ्यातच सोडतो." अ‍ॅपचं कमिशन वाचवायचं त्याचं गणित त्याच्यापुरतं बरोबर आहे. तुमचं मात्र सगळं जातं. घरच्यांना पाठवलेली फेरीची लिंक बंद पडते, अपघात झाला तर विम्यासाठी दाखवायला फेरीच नसते, विसरलेली बॅग कुठल्या गाडीत राहिली ते सांगता येत नाही. वर रद्द तुम्ही केल्यामुळे शुल्क तुमच्याच माथी. अ‍ॅप-टॅक्सीसाठी केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे योग्य कारणाशिवाय फेरी रद्द करणाऱ्याला, मग तो चालक असो की प्रवासी, भाड्याच्या १० टक्के दंड आहे, जास्तीत जास्त १०० रुपये. अंमलबजावणी राज्याच्या परवान्यातून होते, त्यामुळे पुरावा आपणच जपायचा. फोनवरची बोलणी टाळा, अ‍ॅपच्या चॅटमध्ये "कुठपर्यंत आलात?" लिहा. गाडी नकाशावर जागची हलत नसेल तर आधी स्क्रीनशॉट, मग "चालकाने रद्द करायला सांगितलं" हे कारण निवडून रद्द करा.

ओटीपी फोनवर देऊ नका. दिला की गाडी आसरा चौकात असतानाच फेरी सुरू होते आणि वेळ तुमच्या बिलात चढते. नंबर जुळवा, बसा, मग सांगा.

नंबरची पाटी पिवळी हवी. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्यावर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची कार आली तर सरळ परत पाठवा, गाडी कितीही चकचकीत असू दे. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने प्रवासी नेणं बसत नाही, अपघातानंतर कंपनी तिथंच बोट ठेवते. शंका आली तर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका, विमा आणि फिटनेसची मुदत मिनिटभरात दिसते.

भाडं रात्री बिघडतं. मुंबईहून वंदे भारत पावणेअकराच्या सुमारास येते, सगळे एकदम बुकिंग करतात आणि आकडा उडी मारतो. केंद्राच्या त्याच सूचनांप्रमाणे वाढीची कमाल मर्यादा मूळ भाड्याच्या दुप्पट आहे, पण स्क्रीनवर एकच रक्कम दिसते. फेरीनंतर बिल उतरवा, मूळ भाडं आणि वाढ तिथं वेगळी दिसते. घाई नसेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा, आकडा उतरतो. प्लॅटफॉर्मच्या पत्र्याखाली जीपीएस भरकटतं, म्हणून बाहेर येऊन पिन हाताने गेटवर लावा. गड्डा यात्रेत सिद्धेश्वर मंदिराजवळ गाडी बोलावूच नका, थोडं चालत सात रस्त्याला या.

परतावा बहुतेकदा कूपनमध्ये गळ्यात मारतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओलाला बँक खातं की कूपन, ही निवड प्रवाशाला द्यायला सांगितलं होतं. तो दाखला तक्रारीत द्या. आधी अ‍ॅपमध्ये तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. क्रमांक नसला की बोलणं पुढे सरकत नाही. गैरवर्तन असेल तर वाट न पाहता ११२.

राहिलं पॅनिक बटण, म्हणजे संकटात दाबायचं. लाल असतं, मागच्या सीटच्या बाजूच्या खांबावर शोधा. कितीतरी गाड्यांत ते सीट कव्हरखाली किंवा लटकवलेल्या टॉवेलमागे गेलेलं असतं. बसल्या बसल्या टॉवेल काढायला सांगा, कुरकुर केली तरी.