इमॅजिका पुन्हा: एकच दिवस नव्याने, की मुक्काम वाढवून?

लातूरहून खोपोलीजवळचा इमॅजिका थीम पार्क चारशे किलोमीटरच्या आसपास. एवढं दामटून जायचं आणि लेकरांनी "हे तर बघितलंय" म्हणायचं, तर पैसे पाण्यात. त्यावर दोन वाटा आहेत.

पहिली, एकच दिवस, पण कारभार लेकरांच्या हाती. निघण्याआधी भिंतीशी उभं करून उंची मोजा. मागच्या खेपेला उंचीच्या पट्टीखाली राहिलेलं पोर यंदा 'नायट्रो' या रोलर कोस्टरच्या रांगेत उभं राहणार असेल, तर पार्क जुना राहतच नाही. आजीला 'आय फॉर इंडिया' या मोठ्या पडद्यावरच्या सफरीत बसवा. खुर्चीतूनच वरून देश बघताना ती पदर कसा घट्ट धरते, हे बघण्यातच नातवंडांची अर्धी मजा.

दुसरी, रात्री मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी वॉटर पार्क. थीम पार्क २०१३चा, वॉटर पार्क त्यानंतरचा, तिकीट वेगळं. इकडे गल्लीत टँकरची वाट बघणारी लेकरं लाटांच्या तलावातून बाहेर काढणं महाकठीण! खर्च मात्र दुपटीकडे जातो.

उंची वाढली असेल तर मी पहिलीच वाट धरेन. पोरं अजून लहान असतील तर दुसरी. धपाटे मात्र दोन्हीकडे लागतात, प्रवासापुरते चार जास्तच बांधा.