सोलून काढता येणारा रबरी रंग : सोलापूरच्या उन्हातला अनुभव

गाडीचा मूळ रंग कायम ठेवून तिचे रूप पालटण्यासाठी जो रबरी रंग फवारला जातो, त्याबद्दलचे मत बहुतेक जण गाडी दुकानातून बाहेर पडते त्याच दिवशी देऊन टाकतात. त्या दिवशी मॅट रंग सुरेखच दिसतो, त्यात वाद नाही. पण हा रंग विकला जातो तो वेगळ्या गुणावर: नको झाला की हाताने सोलून काढावा आणि खालचा कंपनीचा रंग जसाच्या तसा परत मिळावा. त्यामुळे तो काढायची वेळ येते तेव्हाच त्याची खरी पारख होते, असे माझे ठाम मत आहे. शहरातल्या एका गाडी-सजावटीच्या दुकानातून मी माझ्या पांढऱ्या हॅचबॅकची चाके, पुढची जाळी आणि टप अशा रंगाने करून घेतले, आणि एक पावसाळा व त्यानंतरचा अख्खा उन्हाळा उलटल्यावर ते सगळे उतरवून घेतले. चाके आणि जाळी यांच्यासाठी हा रंग मी मोकळ्या मनाने सुचवेन. टपासाठी सुचवणार नाही, आणि त्यामागची कारणे आपल्याकडच्या गाडीमालकांनी नीट समजून घेण्यासारखी आहेत.

या प्रकारातले सर्वांत परिचित नाव म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या कंपनीचे ‘प्लास्टी डिप’. हे उत्पादन १९७२ पासूनचे आहे आणि ते मुळात गाड्यांसाठी नव्हतेच. पक्कड, पाने यांसारख्या हत्यारांच्या मुठी पातळ रबरात बुडवून त्यांवर पकड येईल असा थर चढवण्यासाठी ते वापरले जाई. पुढे तेच द्रव्य फवाऱ्याच्या डब्यात आणि स्प्रे गनसाठी मोठ्या डब्यात मिळू लागले, आणि हौशी मंडळींनी ते चाकांवर, बॉनेटवर, अखेर अख्ख्या गाड्यांवर मारायला सुरुवात केली. आज इतर कंपन्यांचेही असे रंग बाजारात आहेत आणि दुकानदार त्या सर्वांना सरसकट ‘रबर पेंट’ किंवा ‘डिप’ म्हणतात.

हा रंग म्हणजे टोल्युइनसारख्या द्रावकांत विरघळवलेले कृत्रिम रबर होय. फवारल्यानंतर द्रावक उडून जाते आणि मागे लवचीक पापुद्रा उरतो. नेहमीचा पक्का रंग खालच्या थराला कायमचा धरून बसतो. हा पापुद्रा मात्र पृष्ठभागाला हलकेच चिकटलेला असतो आणि त्याची स्वतःची अंगची ताकद त्या चिकटण्यापेक्षा जास्त असते, म्हणून एक कड उचलून ओढली की तो जाड साईसारखा सलग निघून येतो. यातूनच या कामाचा सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो, तो म्हणजे जाडी. पापुद्रा पातळ राहिला तर त्याची अंगची ताकद कमी पडते आणि ओढताच त्याचे तुकडे होतात. दुकानातल्या रंगाऱ्याने मला हे एका वाक्यात सांगितले होते: “जाड मारल्याशिवाय सोलत नाही बघा सर, पातळ मारलं की नुसतं नखानं खरवडत बसायचं.” पहिला हात मुद्दाम विरळ, खालचा रंग अर्धवट दिसत राहील असा द्यायचा आणि मग मधे पुरेसा वेळ सोडून एकावर एक भरीव हात देत जायचे, ही योग्य पद्धत आहे. एकूण चार-पाच हात तरी हवेतच. गिऱ्हाईक घाई करते, दुकानदाराला माल वाचवायचा असतो, आणि दोघांच्या या सोयीत नेमके शेवटचे दोन हात गळतात. तेव्हा काहीच कळत नाही. रंग काढायला बसल्यावर कळते.

दुकानातल्या कामाबद्दल बोलायचे तर पूर्वतयारी उत्तम होती. चाके काढून, धुऊन, ब्रेकची काळी पूड आणि डांबराचे ठिपके घालवून, शेवटी अल्कोहोलने पुसून मगच फवारणी सुरू झाली. पॉलिश किंवा मेणाचा अंश राहिला तर पापुद्रा जागोजागी सुटतो, याची रंगाऱ्याला पुरेपूर जाण होती. मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढण्याची काळजीही त्याने घेतली. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण रबर सुकल्यावर टेप ओढली तर तिच्याबरोबर कडेचा पापुद्राही उचलला जातो आणि नंतर तेथूनच पाणी व धूळ आत शिरते. दरवाजांचे आणि काचांचे रबर त्याने झाकले होते, तेही आवश्यकच होते, कारण रबरावर रबर बसले की ते निघत नाही. गाडीवर आधी डेंटिंग-पेंटिंग झाले आहे का, हे मात्र दुकानातून कोणी विचारले नाही. हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे. स्थानिक गॅरेजमध्ये मारलेला रंग नुकताच झालेला किंवा कच्चा असेल तर द्रावकाने तो मऊ पडू शकतो, आणि काही वेळा सोलताना पापुद्र्याबरोबर खालचा रंगही निघून येतो.

हवामानाचा विचार केला तर सोलापूरची कोरडी हवा फवारणीला अनुकूल आहे, कारण दमट हवेत असा रंग पांढुरका पडण्याची भीती असते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना आणि पत्र्याला हात लावताच चटका बसत असताना हे काम करून घेऊ नये. रंगाचा थेंब पत्र्यावर पोहोचण्याआधीच त्यातले द्रावक उडून जाते, थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. त्या खरखरीत धूळ जाऊन बसते आणि ती पुसून निघत नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराची जानेवारीतली हवा या कामाला सर्वांत चांगली.

वापरातल्या अडचणी मला प्रामुख्याने सफाईच्या जाणवल्या. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे बहुतेक घरी गाडी पाण्याने धुण्याऐवजी कोरड्या फडक्याने झटकली जाते. मॅट रबरावर ही सवय चालत नाही. धुळीसह फडके घासले की तेथे चकाकते डाग पडतात, आणि पॉलिश करून ते घालवण्याचा मार्ग मॅट रंगाला उपलब्ध नाही. मायक्रोफायबरचे ओले कापड आणि सौम्य शाम्पू एवढेच वापरावे, आणि प्रेशरच्या पाण्याची नळी कडांपासून लांब धरावी. दुसरा शत्रू पेट्रोल. टाकीच्या झाकणाजवळ हा रंग मारलेला असेल तर पंपावर सांडलेला एखादा ओघळही तो विरघळवतो; डांबर काढण्याचे द्रव्यही तेच करते. चाकांच्या बाबतीत मात्र माझा अनुभव अतिशय समाधानाचा आहे. मंगळवेढ्याकडच्या काळ्या मातीचा चिखल चाकांवर वाळून घट्ट बसला तरी पाण्याने तो सहज सुटत असे, आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना उडणाऱ्या बारीक खड्यांचे ओरखडे मूळ अलॉयपर्यंत पोहोचले नाहीत.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे काढण्याची. चाकांवरचा रंग चाकाच्या स्पोकच्या मागच्या बाजूने कड उचलल्यावर मोठमोठ्या सलग पट्ट्यांत निघाला आणि खाली कंपनीचा रंग नवाकोरा होता. जाळीच्या बारीक कोपऱ्यांत थोडे कष्ट पडले, पण काम झाले. टपावर मात्र पापुद्रा कडक होऊन बसला होता. ओढताच नखाएवढे तुकडे पडत. एकाच दुकानात, एकाच रंगाऱ्याने, एकाच मालातून केलेल्या कामात एवढा फरक पडला, याचे कारण ऊन आहे. उत्पादक हा रंग ९३ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो असे सांगतात, आणि निव्वळ उष्णतेच्या हिशेबाने ते आपल्याला पुरेसे आहे. पण अतिनील किरणांचा मारा वेगळा असतो. टप दिवसभर आभाळाकडे तोंड करून असतो. चाके उभी असतात आणि मडगार्डच्या सावलीत राहतात, त्यामुळे तेथले रबर लवचीक राहते. सावलीत गाडी लावायची सोय नसलेल्या माणसाने टप आणि बॉनेट यांवर हा रंग मारू नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने. शिवाय टप काळा किंवा गडद केला तर उन्हात उभी असलेली गाडी आतून आणखी तापते, आणि सोलापुरात हा भुर्दंड रोजचा आहे.

कडक झालेला पापुद्रा काढण्याचा एक चांगला उपाय आहे आणि दुकानाने तो केला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. जुन्या थरावर त्याच रंगाचे ताजे, भरपूर हात दिले की नवे द्रावक जुन्या रबराला मऊ करते, दोन्ही थर एकजीव होतात आणि पूर्ण सुकल्यावर पुन्हा सोलण्याजोगे होतात. टप त्यानंतर तळहाताएवढ्या तुकड्यांत निघाला. या जादा मालाचे आणि मजुरीचे पैसे वेगळे लागतील, हे मात्र सुरुवातीला कोणी सांगितले नव्हते. ‘कधीही सोलून काढा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या सेवेत काढण्याचा दर पावतीवर आधीच लिहिलेला असायला हवा, आणि तो लिहून मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

इतर पर्यायांशी तुलना थोडक्यात करतो. व्हायनिल रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायची रंगीत प्लास्टिक फिल्म, महाग पडतो, पण त्याची जाडी कारखान्यातच ठरलेली असल्याने कारागिराच्या हाताचा फरक कमी पडतो. खड्यांपासून संरक्षण हाच हेतू असेल तर पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म कितीतरी सरस आहे. सिरॅमिक कोटिंगचा येथे संबंध नाही. ते सोलून निघत नाही.

अख्ख्या गाडीचा रंग बदलण्याचा विचार असेल तर कायद्याची बाजू आधी पाहावी. रंग सोलून निघणारा असला तरी रस्त्यावर दिसणारी गाडी आणि नोंदणी प्रमाणपत्रातला रंग जुळला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा रोख तोच आहे. त्यामुळे आरटीओकडे बदलाची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. मॅट ऑलिव्ह हिरव्या रंगाची तरुणांमध्ये मोठी आवड दिसते, परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२१ नुसार तो रंग संरक्षण विभागाच्या वाहनांसाठीच राखीव आहे. दुकानाच्या रंगपट्टीत तो आहे, म्हणून तो मारून घेता येतो असे नाही.

एक गोष्ट मला फार खटकली आणि ती येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. बंद शेडमध्ये, टोल्युइनच्या वासात, तो कुशल रंगारी तोंडाला साधा रुमाल बांधून काम करत होता. रुमालाने रंगाचे कण थोडेफार अडतात. द्रावकाची वाफ अजिबात अडत नाही. त्यासाठी कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि हवा खेळती ठेवणारा पंखा हवा. गाडी देण्यापूर्वी दुकानात असा मास्क आहे का, हे मी आता आवर्जून विचारतो, आणि नसेल तर त्याचे पैसे बिलात धरा पण तो आणा, असे सांगतो. चाकांसाठी मी पुन्हा त्याच रंगाऱ्याकडे जाणार आहे, आणि हे बोलणे त्या दुकानाच्या मालकाशी झालेले आहे.