हाइडांची खोली की लिंकनची?

जुन्या अमेरिकेत एका खोलीत संसार कसा चाले, हे पाहायचं तर दोन ओंडक्यांची घरं आहेत. केंटकीत हॉजनव्हिलला ५६ पायऱ्या चढून दगडी स्मारकात शिरायचं. आत लिंकनच्या जन्मघराची खोली. पण लिंकन जन्मला १८०९ साली, आणि ओंडके १८४० च्या दशकातले निघाले! वर स्मारकात बसावी म्हणून खोली कापून लहान केलेली.

व्हरमाँटमध्ये ग्रँड आइलचं हाइड घर १७८३ चं, अस्सल. वीस बाय पंचवीस फूट, एका टोकाला भलीमोठी चूल, वर माळा. स्वयंपाक, आजारपण, भांडणं सगळं तिथंच. हाइड कुटुंब जवळजवळ दीडशे वर्षं तिथं नांदलं. घर मूळ जागेवरून हलवलेलं आहे, तरी मी हाइडांकडेच जाईन.