सोलमध्ये एकाच माणसाची दोन घरं: सोकपाजोंग की उनह्योनगुंग?

एकोणिसाव्या शतकातला कोरियाचा राजा कोजोंग, त्याचे वडील हुंगसोन देवनगुन यांची दोन घरं सोलमध्ये पाहता येतात. वेळ एकाच घरापुरता असेल, तर मी सोकपाजोंग म्हणेन.

बुआम-दोंग या भागातला हा डोंगरउतारावरचा वाडा मुळात मंत्री किम हुंग-गुन यांचा. तो विकायला ते तयार नव्हते. मग, अशी कथा सांगतात की, देवनगुननी मुलाला एक रात्र तिथे मुक्कामाला नेलं. राजा जिथे झोपला तिथे प्रजेने राहायचं नाही, असा रिवाज. वाडा आपसूक हाती आला! आज त्याच्या पायथ्याशी २०१२ साली उघडलेलं सोल म्युझियम आहे. आधी आधुनिक चित्रांची दालनं पाहायची आणि तिथूनच वर अंगणात निघायचं. पसरलेल्या फांद्यांना टेकू दिलेला जुना पाइन आणि मागचा कातळ पाहिला की देवनगुनना या जागेचा मोह का पडला ते कळतं. तिकीट लागतं, मेट्रो दारापर्यंत जात नाही, चढही आहे.

उनह्योनगुंग मात्र आन्गुक स्टेशनच्या अगदी जवळ, सपाटीवर आणि फुकट. कोजोंगचं बालपण इथे गेलं, १८६६ चा विवाहसोहळाही इथल्याच नोराकदांग या इमारतीत झाला. नोआनदांग या दुसऱ्या इमारतीच्या वळचणीला ऊन अडवायला लावलेली जादा लाकडी झडप जरूर बघा. पण खोल्यांमधले पुतळे मला निर्जीव वाटले. सोबत वयस्कर मंडळी असतील किंवा इतिहासच हवा असेल, तर हेच घर सोयीचं. सोमवार टाळा.