बॉस आयआर-२ : जड आवाज हवा असेल तर गेन आधी खाली आणा

बॉसचं आयआर-२ हे २०२३ साली आलेलं गिटारचं पेडल (गिटारच्या आवाजावर काम करणारी, पायाने चालवायची डबी) आकाराने कंपनीच्या नेहमीच्या छोट्या पेडलएवढंच आहे. आत मात्र डिजिटल मॉडेलिंगने उभे केलेले ११ अँप आहेत आणि त्यांच्या जोडीला स्पीकर कॅबिनेटही. क्लीन आणि क्रंच आवाज नीट जमले आहेत, पण ते इथे बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच, की मेटल आणि हार्डकोर वाजवणाऱ्याने हे घ्यावं का, आणि घेतलं तर लावावं कसं.

या कामासाठी उपयोगाचे प्रकार पाच: बॉसचा स्वतःचा हाय गेन, सोल्डानो या कंपनीच्या अँपच्या वळणाचा, ब्राउन, मॉडेड आणि मेसा बूगीच्या रेक्टिफायर अँपच्या वळणाचा. पहिल्यांदा पेडल जोडल्यावर जवळपास सगळे जण रेक्टिफायर निवडतात, गेन (आवाज किती फाटायचा ते ठरवणारा नॉब) पुरा फिरवतात, बेस वाढवतात आणि मिडल शून्यावर नेतात. घरात एकट्याने वाजवताना दहा मिनिटं हे भारी वाटतं. ड्रम आणि बेस गिटार सुरू झाले की तोच आवाज नाहीसा होतो. दोष पेडलचा नसतो. गिटार ऐकू येते ती मधल्या पट्टीतून, आणि नेमकी तीच काढून टाकलेली असते.

परीक्षा सोपी आहे. सर्वांत जाड तारेवर ब्रिजपाशी तळहाताची कड टेकवून एकच ठोका मारा, ‘चग्’, आणि हात तसाच ठेवा. ठोक्याची सुरुवात टणक हवी, शेपूट लगेच तुटायला हवं. सुरुवात बोदी वाटली आणि मागे ‘भ्वॉऽ’ असं काही रेंगाळलं, तर डिस्टॉर्शनच्या आधी खर्ज जास्त जातोय. ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये (सगळ्या तारा खाली उतरवून सर्वांत जाड तार सी स्वरावर) जाड तार साधारण ६५ हर्ट्झवर असते (नेहमीच्या ई ला ८२). एवढा खर्ज क्लिपिंगमध्ये, म्हणजे आवाज फाडणाऱ्या टप्प्यात, गेला की तो बाकीच्या स्वरांना आपल्यासोबत फाडतो. पेडलवरचा बेसचा नॉब हे पूर्ण सावरत नाही, कारण आधीच चिखल झालेला आवाज नंतर गाळून स्वच्छ होत नाही. खर्ज आधीच कापायला हवा.

म्हणून आयआर-२च्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचं एक ओव्हरड्राइव्ह पेडल लावा. त्याचा ड्राइव्ह शून्य, टोन मध्यावर, लेव्हल ३ वाजता (नॉबची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे, इथून पुढेही तसंच). या जातीचं सर्किट ७२० हर्ट्झच्या आसपासपासून खालचा भाग उतरवत नेतं आणि मधली पट्टी पुढे ढकलतं. मॉडेल डिजिटल असलं तरी ही युक्ती खऱ्या अँपसारखीच लागू पडते, आणि आम्हाला या पेडलची सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. जुन्या डिजिटल डिस्टॉर्शन पेडलांना पुढून बूस्ट दिला की ती नुसती आवळली जायची. इथे पिक कसा लागतो, हात किती दाबलाय, हा फरक शिल्लक राहतो.

ड्रॉप सीसाठी सुरुवात अशी करा: रेक्टिफायर, गेन १० वाजता, बेस ९ आणि १० च्या मध्ये, मिडल १ वाजता, ट्रेबल ११, अँबियन्स (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम) पूर्ण बंद. गेन कमी वाटेल. दोन वेगवेगळे टेक वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकला की तो पुरतो. एकाच टेकची नक्कल करून दोन्हीकडे टाकली तर काहीच मिळत नाही. साध्या ई ट्यूनिंगमध्ये जलद पाम म्यूट (वरच्यासारखे तळहात टेकवून मारलेले ठोके) असतील तर सोल्डानोच्या वळणाचा प्रकार जास्त बरा. तिथे गेन १२ पर्यंत चालतो आणि बूस्टची लेव्हल थोडी उतरवावी लागते. मॉडेडमध्ये वरची पट्टी टोकदार आहे. एका गुंडाळीच्या सिंगल कॉइल पिकअपला तो कानाला बोचतो, दोन गुंडाळ्यांच्या हंबकरला छान बसतो. तारांचंही भान ठेवा: ड्रॉप सीला ०९चा (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच) सेट लावून ट्यूनिंग सैल असल्याचा दोष पेडलला देऊ नये. ११ ते ५४ किंवा निदान १० ते ५२ हवा.

आता कॅबिनेट. डिस्टॉर्शनचा कच्चा आवाज माश्या घोंघावल्यासारखा असतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं झपाट्याने उतरवतो, म्हणून तो ऐकण्याजोगा होतो. हे काम इथे इम्पल्स रिस्पॉन्स करतो, म्हणजे एका विशिष्ट कॅबिनेटसमोर विशिष्ट जागी ठेवलेल्या माइकने पकडलेला ठसा. सेलेस्टियनचे ठसे सोबत मिळतात, आणि संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून आपली डब्ल्यूएव्ही फाइलही चढवता येते. ठशातला माइक नॉबने हलत नाही, हे लक्षात घ्या. कोनच्या मध्यावरचा माइक उजळ आणि खरखरीत, कडेचा गडद. आवाजात ‘फिस्स’ येत असेल तर ट्रेबल कमी करत बसू नका. ट्रेबल खाली आणला की पिकची धार जाते आणि फिस्स तिथेच राहते. ठसा बदला. रेकॉर्डिंगमध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खाली आणि ७–८ किलोहर्ट्झच्या वर कापलं तरी बरंच काम होतं. प्रेझेन्सचा (सर्वांत वरची पट्टी कमी-जास्त करणारा) नॉब नाही, तो असायला हवा होता.

सर्वाधिक तक्रारी मात्र वेगळ्याच कारणाने होतात. कॅबिनेट चालू ठेवून हे पेडल सरळ एखाद्या काँबो अँपच्या (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) इनपुटला जोडलं जातं. मग पेडलमधला स्पीकर, त्यापुढे अँपचा प्रीअँप, त्यापुढे खरा स्पीकर. घोंगडी टाकल्यासारखा आवाज येतो आणि लोक म्हणतात डिजिटल आहे, असंच वाजणार. जॅमपॅडमधल्या, म्हणजे सरावाच्या खोलीतल्या, अँपला जोडायचं असेल तर कॅबिनेट बंद करा आणि केबल अँपच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये घाला, म्हणजे अँपचा प्रीअँप वगळला जातो. मिक्सर, हेडफोन, स्टुडिओ मॉनिटर यांच्यासाठी कॅबिनेट चालूच हवं.

नॉइज गेटचा (वाजवत नसताना खरखर बंद करणाऱ्या सोयीचा) नॉब पेडलवर नाही. हाय गेनसाठी घेणाऱ्याला ही उणीव जाणवतेच. सेंड-रिटर्न (मधूनच आवाज बाहेर काढून परत आत घेण्याच्या जागा) असल्यामुळे बाहेरचा गेट नीट बसवता येतो. बॉसचं एनएस-२ हे नॉइज गेट पेडल असेल तर गिटार त्याच्या इनपुटला, त्याच्या सेंडमधून ओव्हरड्राइव्ह आणि मग आयआर-२चा इनपुट. आयआर-२चा सेंड एनएस-२च्या रिटर्नला, आणि एनएस-२चा आउटपुट आयआर-२च्या रिटर्नला. गेट मग गिटारचा स्वच्छ सिग्नल ऐकून उघडतो आणि फाटलेल्या सिग्नलचा आवाज बंद करतो. थ्रेशोल्ड (गेट कोणत्या पातळीखाली बंद व्हावा ते ठरवणारा नॉब) हळूहळू वाढवा, तारा धरून ठेवल्यावर खरखर थांबली की तिथेच थांबा. त्यापुढे नेलात तर लांबवलेले स्वर मध्येच कापले जातात.

वीज हा दुसरा कळीचा मुद्दा. ९ व्होल्ट, प्लगचा मध्य ऋण, हे नेहमीचंच, पण करंट २०० मिलिअँपच्या आसपास लागतो. पॉवर सप्लायच्या १०० मिलिअँपच्या तोंडावर हे चालवू नका. बाकीच्या पेडलांसोबत एकाच डेझी चेनवर (एका अडॅप्टरमधून सगळ्या पेडलांना जाणारी फाटे असलेली तार) टाकलं तर बारीक शिट्टीसारखा आवाज मिसळतो आणि हाय गेनमध्ये तो कित्येक पट मोठा होतो. वेगळं, आयसोलेटेड (बाकीच्यांपासून विजेने तुटक) तोंड द्या. यूएसबीने लॅपटॉपला जोडल्यावर घूं असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. तो थांबला तर अर्थिंगचा प्रश्न आहे. जुन्या इमारतींत दोन पिनांचे सॉकेट किंवा नावापुरती अर्थिंगची तार असते, तिथे हे हमखास होतं.  तिथे पेडल बदलून उपयोग नाही, वायरमन बोलवा.

हेडफोनवर रात्री बसवलेला आवाज कार्यक्रमात तसाच वापरू नका. हळू आवाजात कानाला खर्ज आणि वरची पट्टी कमी ऐकू येते, म्हणून आपण दोन्ही वाढवून ठेवतो. मोठ्या आवाजात तेच अंगावर येतं. बेस एक घर खाली, मिडल एक घर वर घेऊन जा आणि तिथे ड्रमसोबत वाजवून पुन्हा ऐका. फूटस्विचवर दोन चॅनल अदलून-बदलून घेता येतात. दुसरा सोलोसाठी ठेवा, पण गेन वाढवून नव्हे: लेव्हल आणि मिडल थोडे वर, अँबियन्स ९ वाजेपर्यंत.

आणखी एक. ज्यांना स्वीडनच्या जुन्या डेथ मेटलचा, सगळे नॉब पुरे फिरवलेल्या एचएम-२ या बॉसच्या जुन्या डिस्टॉर्शन पेडलचा करवतीसारखा आवाज हवा आहे, त्यांना या ११ प्रकारांत तो सापडणार नाही. त्यांनी त्याचीच नवी आवृत्ती असलेलं एचएम-२डब्ल्यू घ्यावं, ते आयआर-२च्या आधी लावावं आणि आयआर-२ क्रंचवर कमी गेनला ठेवावं. तसं केलं की हे पेडल फक्त अँप आणि कॅबिनेटचं काम करतं, आणि तेही चोख.

स्टेजवर नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की एक्सएलआर (मिक्सरकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या केबलचं) आउटपुट नाही. साउंडवाल्याकडे लांब केबल जाणार असेल तर ग्राउंड लिफ्टचं (अर्थचा जोड तोडून घूं आवाज थांबवणारं) बटण असलेला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांब केबलसाठी तयार करणारी डबी) स्वतःच्या पिशवीत ठेवा. तिथे मिळेलच असं धरून चालू नका.